सॉरी सरांचं बोलावणं

अमोलचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. पालीच्या बाजारात माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, आणि सकाळी सकाळी फोन येतो तो बहुधा कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप बंद पडला म्हणून. त्यामुळे नाव न बघताच मी "बोला" म्हटलं. पलीकडे अमोल. "दादा, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." मग जरा थांबून म्हणाला, "सॉरी, पण आत्याला मला नाही सांगता येणार. तूच सांग." बाप गेल्याची बातमी देतानाही तो शब्द त्याच्या तोंडून सुटला, कारण तो त्याच घरात वाढलाय. अमोल माझा मामेभाऊ. गेला तो माझा मामा. आमच्याकडे मामाला एकेरीतच हाक मारतात, म्हणून इथेही तसंच लिहितो. आणि ज्या आत्याला सांगायचं होतं ती माझी आई, मामाची थोरली आणि एकुलती एक बहीण.

शटर परत खाली ओढलं आणि घरी आलो. आई पडवीत टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. कुठून सुरुवात करावी याची वाटभर जुळवाजुळव केली होती, पण तिने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "दत्तू गेला काय?" मी मान हलवली. ती उठली, आत जाऊन लुगडं बदललं, छत्री घेतली आणि गाडीपाशी येऊन उभी राहिली. भाजी तशीच सुपात. रत्नागिरीपर्यंत छत्री मांडीवर आडवी धरून बसली. मामाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माणसं जमली होती, आतून मामीचा आवाज येत होता. आई फाटकावर हात ठेवून थांबली. मला वाटलं, तिला चक्कर येतेय. मी धरायला पुढे झालो तर ती म्हणाली, "मयताला बोलावणं लागत नाय." माझ्याशी नाही, स्वतःशीच. आणि आत गेली. गेली कित्येक वर्षं ती त्या फाटकातून आत गेली नव्हती.

ती असं का म्हणाली ते सांगायचं तर मामाबद्दल सांगायला हवं, आणि मामाबद्दल सांगायचं तर त्याच्या त्या एका शब्दाबद्दल. मामा रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आज डॉक्टर आहेत, ट्रॉलरवर आहेत, दुबईत आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना त्याचं आडनाव आठवत नसेल. सगळे त्याला 'सॉरी सर' म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात, पण त्याला ठाऊक होतं आणि आवडतही असावं. वर्गात यायला मिनिटभर उशीर झाला तर दारातच "सॉरी" म्हणणारा मास्तर त्या काळात दुसरा नव्हता. बाकीचे मास्तर उशिरा आले तर पोरांनाच ओरडत.

हा शब्द त्याला मुंबईत मिळाला. आमच्याकडचे सगळे बाप्ये दहावी झाली की मुंबईची वाट धरतात तसा तोही गेला. दिवसा एका ऑफिसात शिपाई, संध्याकाळी कॉलेज. पहिल्याच आठवड्यात कधीतरी तिथल्या बड्या साहेबाचा धक्का लागून चहाचा कप मामाच्या अंगावर सांडला. मामा घाबरला, कारण गावात असं झालं असतं तर ज्याच्या अंगावर सांडलं त्यालाच बोलणी बसली असती, मध्ये का उभा होतास म्हणून. साहेब म्हणाला, "सॉरी." नुसतं म्हणाला आणि खिशातला रुमाल काढून दिला. मामा ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिला. सांगताना दर वेळी रुमालाचा रंग बदलायचा, पण साहेब तोच. "मोठा माणूस लहानाला चुकलो म्हणतो आणि त्याचं काही कमी होत नाही, हे मी तोवर बघितलंच नव्हतं," असं म्हणायचा. इंग्रजीचा मास्तर व्हायचं त्याने तिथेच ठरवलं, असं त्याचं म्हणणं. खरं-खोटं देव जाणे. पण त्या शब्दावर त्याचा जीव जडला तो कायमचा.

आठवीपासून दहावीपर्यंत मी त्याच्याकडे राहून शिकलो. त्यामुळे त्याचा तो प्रसिद्ध तास मी घरीही ऐकला आणि वर्गातही. दर वर्षी एक अख्खा तास तो पुस्तक मिटून फक्त 'सॉरी' शिकवायचा. धक्का लागला तर सॉरी. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर भुवया वर करून, शेवटी आवाज चढवून सॉरी. एखाद्याचं काम जमणार नसेल तर नकाराच्या आधी लावायचं सॉरी. आणि कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर तिथेही सॉरी. इथे वर्ग हमखास हसायचा. कुणीतरी विचारायचंच, "सर, पण आपण कुठे मारलंय त्याला?" याचीच वाट बघत असल्यासारखा मामा खडू खाली ठेवायचा. "आपण नाही मारलं. पण त्याला दुःख झालंय आणि आपल्याला ते काढून घेता येत नाही, म्हणून सॉरी." मग फळ्यावर दुसऱ्या बाजूला मराठी शब्द लिहायचा. 'माफ करा' हे आपण दारात आलेल्या भिकाऱ्याला म्हणतो, म्हणजे पुढे जा. 'क्षमा' देवाकडे मागायची किंवा निबंधात. 'चुकलो' म्हणायचं तर बापाने पट्टा काढावा लागतो. "म्हणजे बघा," मामा म्हणायचा, "आपल्याकडे एकतर हाकलायचा शब्द आहे, नाहीतर लोटांगण घालायचा. दोघांनी उभ्या उभ्या एकमेकांच्या डोळ्यांत बघून म्हणायचा शब्दच नाही." तासाच्या शेवटी दुसरा धडा. सॉरीला उत्तर असतं. कुणी सॉरी म्हणालं की समोरच्याने 'इट्स ओके' म्हणायचं, मग दोघंही मोकळे. उत्तर दिलं नाही तर सॉरी म्हणणारा बिचारा तिथेच लटकत राहतो. बाकांच्या जोड्या लावून तो हे पाठ करून घ्यायचा. एकाने सॉरी, दुसऱ्याने इट्स ओके, मग उलटं. पाच मिनिटांत वर्गाचा मासळीबाजार व्हायचा.

खऱ्या मासळीबाजारातही त्याचं हेच. "सॉरी हां, पण हा बांगडा कालचा वाटतो." नेहमीची कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "मास्तर, सॉरी बोलून भाव पाडू नका. शिव्या घाला त्यापेक्षा." घरात मामीची वेगळी तक्रार. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं, तिच्या हातून, तरी सॉरी मामाच म्हणाला. "आता ह्यांच्याशी भांडायचं तरी कसं?" असं ती मला विचारायची. भांडण सुरू व्हायच्या आधीच हा माणूस हरून बसलेला असायचा. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटे. आज वाटतं, इतक्या सहज जो शब्द निघतो त्यावर माणसाने इतकं ओझं टाकू नये.

कारण आमच्या घरात, म्हणजे आईच्या राज्यात, त्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो आणि माझ्या हातून पाण्याचं मडकं फुटलं. मी ऐटीत म्हणालो, "सॉरी आई." ती म्हणाली, "एस्टीत धक्का लागला की बोलतात ता? मग ता बोलून सांधलास काय मडका?" तिच्या लेखी चुकलं तर ते निस्तरायचं, त्यावर बोलायचं काय? वडील आणि ती भांडली की दुसऱ्या दिवशी वडील न सांगता तिच्या आवडीची सुरमई आणून ओट्यावर ठेवायचे. तिचं चुकलेलं असेल तर जेवताना वडिलांच्या ताटात तळलेली तुकडी जास्त पडायची. कुणी काही म्हणायचं नाही. सगळ्यांना समजायचं. पाली काय, आसपासची गावं काय, सगळीकडे असंच चालतं. पाय उचलून जायचं, हातात काहीतरी न्यायचं, समोर बसायचं. तोंडाने बोललेलं धरत नाहीत.

गौरीचं बोलावणं हे तर त्याहून कडक. गणपतीत गौरी येतात तेव्हा लेकीबाळी माहेरी येतात, पण आपल्याआपण येत नाहीत. भावाने श्रावणात बहिणीच्या घरी स्वतः जायचं, नारळ द्यायचा आणि बोलवायचं. मामा दर वर्षी यायचा. त्या दिवसाची मी वाट बघायचो, कारण त्याच्या पिशवीत माझ्यासाठी रत्नागिरीची खारी बिस्किटं असत. पडवीत बसून पाणी पिऊन झालं की तो म्हणायचा, "आक्का, गौरीला ये गो." आई चुलीकडे तोंड करून म्हणायची, "बघते. शेतीचा काम हाय." मग तो गुरांची चौकशी करायचा, आमच्या वडिलांशी दोन गोष्टी बोलायचा आणि पुन्हा, "येशील ना?" "ह्यांना जेवाण कोण वाढील?" तिसऱ्यांदा विचारल्यावर ती पदराने हात पुसत बाहेर यायची, नारळ उचलायची आणि म्हणायची, "येते. वडे-सागुतीला थांबणार नाय पण." दर वर्षी थांबायची. गौरीला आमच्याकडे तिखटाचा, म्हणजे कोंबडी-वड्यांचा नैवेद्य असतो, आणि मामीच्या हातचे वडे ती सगळ्यांत शेवटी उठेपर्यंत खायची. मला तेव्हा वाटायचं, जायचंच आहे तर आधीच हो का म्हणत नाही ही? लग्न झाल्यावर माझ्या बायकोने मला समजावलं. तीनदा विचारून घ्यायचं असतं. वर्षभर त्या तीन वेळांवर निघतं बाईचं.

आणि मामाला हे कळत नव्हतं असं नाही. माझे वडील गेले तेव्हा तो पहिल्या एस्टीने आला. मला मनातल्या मनात त्याचा फळा दिसत होता, आता हा आईला इंग्रजीत सॉरी म्हणणार की काय! तो काही बोलला नाही. आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसला, मग उठला, मागच्या दारी जाऊन लाकडं फोडायला लागला. शाळेचा पांढरा शर्ट घातलेला मास्तर दुपारपर्यंत लाकडं फोडत होता. आई नंतर अनेकदा म्हणायची, "दत्तूने तेव्हा लाकडं फोडलीन." बाकी कोण कोण येऊन काय बोललं ते तिला आठवत नव्हतं.

मग मामा रिटायर झाला आणि अमोलने त्याला मोबाईल घेऊन दिला. इथून पुढचं सांगताना मला त्या यंत्राचा राग येतो. मामाने घरच्या माणसांचा एक ग्रुप काढला, सकाळी सुविचार, संध्याकाळी इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ. त्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, हायवेचं काम निघाल्यामुळे पालीला येणाऱ्या गाड्यांचे हाल होते, आणि नवीन यंत्राची हौसही होती. त्याने गौरी-गणपतीचं एक सुंदर निमंत्रण बनवलं, जास्वंदीची फुलं वगैरे घालून, आणि ग्रुपवर टाकलं. 'सर्वांनी सहकुटुंब यावे.' आईकडे साधा फोन. तिला मीच ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं." श्रावण संपेपर्यंत ती रोज काहीतरी कारण काढून पडवीत येऊन बसायची. मामा आला नाही. गौरीच्या दिवशी मी गाडी काढली तर म्हणाली, "तू जा. मला बोलावणं नाय." मी म्हटलं, "वाचून दाखवलं ना तुला?" ती म्हणाली, "ता सगळ्यांना पाठवलान. मी सगळ्यातली काय?"

संध्याकाळी मामाचा फोन आला. स्पीकर लावून मी फोन तिच्यापुढे धरला. "आक्का, सॉरी गो. गुडघ्यामुळे जमलं नाही. सॉरी." दोनदा म्हणाला. आई म्हणाली, "असू दे." झालं. एवढंच. मामाच्या लेखी त्याने त्याच्याजवळचा सगळ्यांत मोठा शब्द बहिणीला दिला होता, ज्याच्यामुळे साहेब शिपायापुढे वाकला होता तो. आता उत्तर यायला हवं होतं आणि आलं नाही. आईच्या लेखी तिला एस्टीत धक्का लागला होता आणि धक्का देणारा काहीतरी पुटपुटून पुढे गेला होता. 'असू दे' म्हणजे मिटलं की 'असू दे' म्हणजे राहू दे तसंच, हे मला आजही सांगता येणार नाही. तिची ती बोलायची रीतच आहे. दूध उतू गेलं तरी ती असू दे म्हणते.

कुणाला वाटेल त्यांनी अबोला धरला. तसं काही झालं नाही, आणि म्हणूनच कुणी मध्ये पडून मिटवावं असं काही उरलं नाही. सावर्ड्याला नात्यातल्या एका लग्नात दोघं शेजारी बसून जेवली. तो तिला शुगरच्या गोळ्या वेळेवर घे म्हणाला, तिने त्याच्या गुडघ्यांना कसलंसं तेल सांगितलं. पण ती त्याच्या घरी गेली नाही आणि तो तिच्या घरी आला नाही. दर गौरीला फोन यायचा, "सॉरी आक्का, या वर्षीही..." आणि इकडून, "असू दे." मी मामाला म्हटलं, मी गाडी घेऊन येतो, तुला न्यायला. तो म्हणाला, "मी सॉरी म्हटलंय ना तिला? दर वर्षी म्हणतो. तिने एकदा नुसतं 'ये' म्हणू दे." मी आईला म्हटलं, तू एकदा ये म्हण. ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "भावाला ये म्हणायचा? तो काय पाव्हणा हाय?" दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये माझा जीव टांगलेला. बायको मला म्हणायची, तुमचे मामा इतके शिकलेले, त्यांना एक नारळ घेऊन येता येत नाही? मी म्हणायचो, शिकलेत म्हणूनच.

मामाचा मला राग यायचा तो इथे. रस्त्यावरच्या कुत्र्याला पाय लागला तर थांबून सॉरी म्हणणारा माणूस स्वतःच्या बहिणीपुढे मात्र हिशेब घालून बसला होता... आणि तो हिशेब त्याने पोरांना शिकवलेल्या धड्यातून आला होता. शब्द दिला, आता उत्तर द्या. आपण चुकलोय हे एकदा मान्य केलं की आपलं काम संपलं, असं त्याला खरंच वाटत होतं. आमच्याकडे तिथून काम सुरू होतं. तो तिथलाच होता, त्याच मातीतला, लाकडं फोडणारा. पण मुंबईच्या त्या साहेबाने त्याला जे दिलं त्याने तो इतका भारावला होता की घरातलं जे होतं ते त्याला कमी प्रतीचं वाटायला लागलं असावं. हे त्याला कुणी सांगायला हवं होतं. मास्तरला सांगणार कोण!

या वर्षी आषाढ लागता लागता मी माल आणायला रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा त्याच्याकडे डोकावलो. तीच त्याची माझी शेवटची भेट. खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. मामी चहा ठेवायला आत गेली तसा पुढे वाकून म्हणाला, "आक्का काय म्हणते?" मी म्हटलं, "आहे." त्याने स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. मग म्हणाला, "या श्रावणात येतो मी. रिक्षा करून येतो, पाय दुखले तर दुखले. नारळ घेऊन येतो." मी एकदम काही बोललोच नाही, न जाणो बोललो तर मन बदलायचं. तो हसला. "तिला सांगू नकोस हां आधी. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत हो म्हणायची नाही ती, मला ठाऊक आहे. विचारीन तीनदा. चारदा विचारीन." मामी चहा घेऊन आली आणि विषय बदलला. घरी येताना मी गाडीत गाणी लावली होती. आईला मी सांगितलं नाही, कारण सांगू नको म्हणाला होता आणि श्रावण काही लांब नव्हता.

श्रावणाला अजून काही दिवस होते, तेव्हा तो गेला.

दहाव्याला आई म्हणाली, मीपण नदीवर येते. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने कुरकुर केली, बायका येत नाहीत तिथे. अमोल म्हणाला, "आत्या येतेय ना? येऊ दे." तिला दगडांवरून हात धरून खाली नेलं. भटजींनी सगळं करून घेतलं, पिंड केळीच्या पानावर मांडले आणि आम्ही सगळे मागे सरलो. आता इथे जे होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. तासतास बसून राहतो समोरच्या झाडावर. मग एकेक जण पुढे होतो आणि त्याला शब्द देतो, मुलाचं लग्न करू, बायकोला सांभाळू, घर मोडणार नाही. योग्य तो शब्द मिळाला की कावळा उतरतो. मी या गोष्टी फार मनावर घेत नाही. पावसाळ्यात भुकेला कावळा कुणाच्या इच्छेसाठी थांबतो, असं मला वाटतं. मामाही घेत नसे. पण मामी घेते, आणि तिने अमोलला पढवून ठेवलं होतं, तुम्ही हायस्कुलातल्या मुलांना दर वर्षी देत होतात ते बक्षीस चालू ठेवीन असं म्हण म्हणून. मामाचे जुने सहकारी जमले होते, तेही काय काय बोलायचं ठरवून आले होते. प्रत्येकाला वाटत होतं, सरांची इच्छा आपल्याला ठाऊक आहे.

मी आईकडे बघत होतो. ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली होती, पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेला, हात जोडायच्या बेतात. तिचे ओठ हलत होते. पाठ केलेलं म्हणून बघत असावी.

कावळा करंजाच्या झाडावरून सरळ खाली आला. अमोल नीट मागेसुद्धा सरला नव्हता. पानावर उतरला, घास उचलला आणि गेला. लगेच दुसरा आला. "शिवला, शिवला," म्हणत सगळ्यांनी हात जोडले. एकदम सैल पडल्यासारखी झाली माणसं. मामाच्या शाळेतले एक सर डोळे पुसत म्हणाले, "समाधानाने गेला हो. काही मागे ठेवलं नाही त्याने. असं मरण यायला भाग्य लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. अमोलच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा उजेड दिसला. आईचे हात तसेच अर्ध्यावर राहिले होते. मी जवळ गेलो तेव्हा तिने ते खाली घेतले आणि म्हणाली, "चल."

घरी परत निघालो. हातखंब्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी बोलणार होते त्याला." मी गाडी हळू केली. "काय बोलणार होतीस?" ती म्हणाली, "दत्तू, मी येते गौरीला. बोलावणं नको. असा बोलणार होते. मला वाटला, कावळा अडून बसंल. मी बोलल्याशिवाय काय शिवत नाय." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला माझा काय पडलाच नव्हता."

मला राहवलं नाही. मामाने सांगू नको म्हटलं होतं, पण आता ते कुणासाठी पाळायचं? गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. चहाच्या वेळचं बोलणं, रिक्षा, नारळ. "तो येणार होता आई. या श्रावणात. तीनदा काय, चारदा विचारीन म्हणाला. मला म्हणाला, स्वतःच्या तोंडाने." ती माझ्याकडे वळली. आयुष्यात मी तिला इतकं टक लावून माझ्याकडे बघताना पाहिलं नाही. मला वाटलं, आता ती रडेल, आणि रडली तर बरंच होईल, नदीवर एक थेंब काढला नव्हता तिने.

"खरंच येणार होता?"

"खरंच."

पाठीमागून एक एस्टी हॉर्न देत गेली.

"मग कावळा कसा शिवला?" तिने विचारलं.